माझाच पडदा, माझ्याच नाटकावर

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला बारा मिनिटांना फसवलं. पन्नास ठरली होती, अडतीस दिली.

इथे अमेरिकेत, आयसेलिनला माझं साड्यांचं दुकान आहे; लग्नाचे मांडवही मी सजवून देते. बँक्वेट हॉलच्या स्टेजला पडदा नसतो, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळ माझा मखमली पडदा मागतं. या वर्षी मी म्हटलं, पडदा फुकट न्या, पण नाटकाला वेळ द्या. अध्यक्ष तीस मिनिटांवरून चढत गेले, मी साठवरून उतरत गेले. "बरं वहिनी, पन्नास! तुमच्यापुढे कोणाचं चालणार?" सांस्कृतिक सचिवांच्या देखत म्हणाले.

हे नाटकाचं खूळ माझ्या डोक्यात घातलं दुकानातल्या रशियन मावशींनी. फॉल-पिको त्याच करतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या देशात पूर्वी एक नाटककार होता. आधी नट, मग मुलांसाठी परीकथा लिहू लागला. राजे, राक्षस, जादू. मुलं खिदळायची, मोठी माणसं मात्र हसण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघायची. राक्षस म्हणजे आपणच, हे सरकारी साहेब लोकांना जरा उशिरा कळायचं, आणि नाटक बंद व्हायचं. मावशींनी तरुणपणी धडपडून तिकीट मिळवलं, तर दुसऱ्या दिवशी खेळ रद्द.

"पुढे छापील मिळालं असेल की," मी म्हटलं.

"वाचणं म्हणजे बघणं नव्हे," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "तू कर एखादं. शेवटापर्यंत दाखव."

मी शब्द दिला आणि त्याच्या वळणाचं एक नाटक स्वतः लिहिलं. गावच्या विहिरीला कुलूप, किल्ली राक्षसाकडे. दर वर्षी तो म्हणतो, "मी किल्ली केव्हाच द्यायला तयार आहे हो, पण कोणी पुढेच येत नाही." शेवटी एक लहान मुलगी हात पुढे करते आणि म्हणते, "मी आले. द्या."

राक्षसाचं ते वाक्य मी कुठून उचललं, हे मंडळातलं कोणीही सांगेल. किल्लीच्या जागी अध्यक्षपद घाला. दर वार्षिक सभेत तेच ऐकतो आपण.

म्हणून तर कार्यक्रमाच्या फॉर्मवर मी मुद्दाम ‘बालनाट्य’ लिहिलं. बालनाट्याची संहिता कमिटी वाचत नाही. त्या रशियन माणसाचीच युक्ती; स्वतःवर फार खूश होते मी.

मुलांनी रोमन लिपीतलं मराठी घोकून घोकून पाठ केलं होतं. राक्षसाने वाक्य टाकलं. मागच्या टेबलावरून जो हशा उसळला! अध्यक्ष पहिल्या रांगेतून उठले, विंगेत गेले आणि दोरी धरलेल्या माणसाला खूण केली. माझाच पडदा, खाडकन खाली. माइकवर घोषणा, "चला, जेवायला चला!"

आत ती मुलगी हात पुढे करून तशीच उभी. "आँटी, माय लाइन राहिली ना!"

श्रीखंडाच्या टेबलापाशी मी अध्यक्षांना गाठलं. "काका, पन्नास ठरली होती."

"वहिनी, फॉर्मवर तुम्हीच बालनाट्य लिहिलंय. बालनाट्याला चाळीस. रूल आहे."

"आणि दिलेला शब्द?"

"अहो, पोरांचं तर होतं! पुऱ्या गार होतायत, घ्या."

मी इतकी तापले होते की हातातली ताटली तिथेच आदळली. मावशी कोट घालून दारापाशी उभ्या होत्या. मी माफी मागायला गेले.

"दोन देश झाले," त्या म्हणाल्या, "शेवट काही बघायला मिळत नाही." मग माझा दंड दाबला. "नाटक चांगलं असणार तुझं. वाईट नाटक पूर्ण होऊ देतात."

फॉर्म भरण्यात मी अतिशहाणपणा केला, कबूल. पण घरी येऊन फोनवरचा व्हिडिओ पाहिला. पडदा पडला तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती. रूल चाळिसाचा होता ना, काका? मग ती दोन मिनिटं कोणत्या रूलने गेली?

जानेवारीत वार्षिक सभा आहे. मावशींना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे, शेजारी ती मुलगी. पडदा कोणत्या वाक्याला पडला आणि का, हे माइक हातात घेऊन त्या दोघींना सांगा. आणि नंतर तुमचं ते नेहमीचं वाक्यही म्हणा. या वेळी हात पुढे आहे.