दाढेतली चांदी

दातांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे ताई म्हणत, अगदी थोरले डॉक्टरसुद्धा. किडलेल्या दाढांत भरायला चांदीची पूड आणि पारा खलात घोटायचा, मलमलच्या फडक्यात धरून जास्तीचा पारा पिळून काढायचा नि गोळा डॉक्टरांपुढे करायचा, हे त्यांचं काम. हातमोजे तेव्हा कोण घालतंय! पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि ताई एका खोलीत एकट्या उरल्या. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही.

एका सकाळी भाच्याचा मेसेज आला. दाढेतली चांदी म्हणजे विष, ताबडतोब काढून टाका. ताईंनी तो दोनदा वाचला. स्वतःच्या चांदी भरलेल्या दोन दाढांचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण आपण घोटलेली चांदी किती जणांच्या तोंडात गेली असेल? त्यांनी भाच्याला फोन लावला.

"कुठला मेसेज, आत्या? अगं, आलेलं पुढं ढकलतो मी. वाचतंय कोण! मीटिंगमध्ये आहे, मग बोलू."

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर मुलीच्या वयाची. तिनं आरसा घालून दाढा निरखल्या.

"छान बसलीये की चांदी! कुणी भरली?"

"आमच्या डॉक्टरांनी. घोटली मी."

"मग काढायचं मनातही आणू नका, काकू. थोडा पारा सुटतो, पण तेवढ्यानं सहसा काही होत नाही. उलट पोखरून काढताना वाफ जास्त उडते. लहान मुलांना, गरोदर बायकांना आता आम्ही ती भरत नाही, एवढंच."

"म्हणजे माझ्या हातून कुणाचं वाईट..."

"नाही हो. जपायचं होतं ते तुम्हालाच. उघड्या हातांनी पारा पिळत होतात!"

तिनं ताईंना हात पुढे धरायला लावले, बोटं थरथरतात का पाहिलं, किडनीची तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट चांगला आला. ताईंचा जीव भांड्यात पडला, पण सांगणार कुणाला? भाच्याचा फोन लागेना. शेजारचं दार बंद.

"आता वर्षानं या," डॉक्टर म्हणाली होती. ताई महिन्यानंच गेल्या. उजवीकडे जरा ठणकतंय, म्हणाल्या. डॉक्टरनं एकेक दात पाहिला. काही सापडलं नाही. तिनं आरसा खाली ठेवला, स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं, "चांदी नेमकी किती वेळ घोटायचात हो?"

ताई सांगू लागल्या.