एकेचाळीस पानं आणि येळवशीची आंबील

आमच्या घरामागच्या तळ्यात रोज सरासरी एकेचाळीस पानं पडतात.

हा अंदाज नाही. सलग आठ दिवस सकाळी सात वाजता मी स्वतः मोजली आहेत. एकूण तीनशे अठ्ठावीस. (एक कोंबडीचं पीसही होतं, ते मी धरलेलं नाही.) मी बिदरला हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित शिकवतो. न मोजता बोलणं मला जमत नाही आणि मोजल्यावर गप्प बसणंही जमत नाही. हा दुसरा भाग माझ्या बायकोचा, सुनंदाचा, शोध.

तळं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. पाणी तीन हजार चारशे लिटर. (खरं तर तीन हजार तीनशे अठ्ठ्याण्णव, दोन लिटर मी वरचे धरले आहेत.) त्यात अकरा मासे. हे मासे आमच्या मुलीचे, पल्लवीचे. ती गुलबर्ग्याला कॉलेजात असते. तिनं ते तिथून प्लास्टिकच्या कॅनमध्ये, बसमध्ये मांडीवर घेऊन आणले होते. फोन केला की पहिला प्रश्न "मासे कसे आहेत?" आणि तिसरा किंवा चौथा "अप्पा, तुमी कसे हाव?" सगळ्यात छोट्या माशाचं नाव तिनं माझ्यावरून टोमणा म्हणून 'दशांश' ठेवलं होतं.

तळ्यावर आमच्याच परसातलं बदामाचं झाड वाकलेलं. पानं पडायची, कुजायची, पाणी काळं व्हायचं. तेव्हा प्रश्न असा होता, की कचरा काढायला नेमकं कोणतं उपकरण घ्यायचं?

"जाळी टाका वरनं," सुनंदा म्हणाली. तिनं हा निर्णय भाजी फोडणीला टाकता टाकता, चार सेकंदांत घेतला.

मी तीन आठवडे घेतले. पर्याय चार होते: वर पसरायची जाळी, लांब दांड्याची हातजाळी, वरचा थर ओढून घेणारं तरंगतं यंत्र आणि तळातला गाळ ओढणारा पंप. मी कचरा काढून वाळवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. (त्यानंतर तो काटा माझाच झाला.) बादलीत पानं सोडून कोणतं पान किती तासांत बुडतं ते लिहून ठेवलं. निष्कर्ष: तरंगता कचरा तीस टक्के, तळाचा सत्तर. म्हणजे पंपच हवा, जाळी अनावश्यक!

"तळाला गेलेलं पान वरनंच गेलं न्हवं?" सुनंदानं विचारलं. "का खालनं उगवलं?"

हा मुद्दा माझ्या तक्त्यात बसत नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला.

दुकानदारही तसलाच निघाला. "साब, हौज साफ करते कि डॅम? जाली ले लेव, बस हय!" मी पंप घेतला. पंपाच्या तोंडाला भोकाभोकांची प्लास्टिकची टोपी होती. घरी येऊन बादली लावून बघितलं. टोपी असताना पंधरा लिटरची बादली भरायला पंचाहत्तर सेकंद, टोपी काढल्यावर बरोबर साठ. टोपीमुळे वीस टक्के नुकसान! मी टोपी काढून कपाटात ठेवली.

आणि वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, आली.

आमच्याकडे येळवस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पूजा करायची, आणि मग दिवसभर डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताक-ज्वारीची आंबील. गल्लीत फक्त कुत्री उरतात, आणि त्यातलीही हुशार असतात ती शेतात जातात. दुसरा नियम असा, की त्या दिवशी कुणाच्याही बांधावरून न जेवता पुढं जायचं नाही. त्याच्यासारखा अपमान नाही.

पल्लवी आदल्या दिवशी अंधार पडल्यावर आली होती. "शेतातनं आल्यावर मासे मोजणार हाय, अप्पा. अकराच्या अकरा पाहिजेत!"

तिनं मोजायच्या आत पाणी स्वच्छ दिसावं, असं मला वाटलं. सुनंदा म्हणाली होती, "आज सणाचं मशीन-बिशीन न्हाई." म्हणून मी सकाळी नऊला, तिची पाठ वळल्यावर, पंप हळूच चालू केला. मिनिटाला पंधरा लिटर, वीस मिनिटं, तीनशे लिटर गाळाचं पाणी बाहेर, मग बंद. साधं गणित!

"अहो, तिकडं काय करायलाव? बिंदगी धरा!"

बिंदगी म्हणजे आंबिलीचं मडकं. ते गाडीत मांडीवर धरून न्यायची जबाबदारी दरवर्षी माझी. मडकं उचललं, तोंडाला फडकं बांधलं आणि सव्वानऊला निघालो. खड्ड्यात किती आंबील हिंदकळते याचा विचार करत मी भालकी रस्त्यानं शेतापर्यंत गेलो. गाडी पल्लवी चालवत होती.

शेत माझ्या मेव्हण्याचं, बालाजीचं. पूजा झाली. पंगत बसली. बालाजी बिंदगी वाकडी करून एकेकाच्या ग्लासात आंबील ओतू लागला. मी बघत होतो. मडक्यातली पातळी खाली चालली होती. आणखी खाली. आणखी...

पंप!

घड्याळात अकरा वीस. एकशेचाळीस मिनिटं गुणिले पंधरा, दोन हजार शंभर लिटर बाहेर. उरले तेराशे. चार इंचांच्या खाली पाणी गेलं की मासे आडवे होणार, म्हणजे बारा वाजून नऊ मिनिटांनी. हातात एकोणपन्नास मिनिटं. रस्त्यावरच्या गाडीपर्यंत बांधाबांधानं दीड किलोमीटर, वीस मिनिटं. पुढं घर पंचवीस. बेरीज पंचेचाळीस. चार मिनिटं शिल्लक!

सव्वीस वर्षं मी मुलांना विचारत आलो: एका हौदातून मिनिटाला इतके लिटर पाणी बाहेर जाते, तर हौद किती वेळात रिकामा होईल? त्या हौदात कुणाच्या मुलीचे मासे असतील, हे मला कधी सुचलं नव्हतं.

शेजाऱ्याला फोन लावला. "तुम्ही घरी आहात का?"

"येळवशीला घरी? सर, बरं हाय न्हवं? आमी शेतात हाव, तुमी बी या जेवायला!"

दुसरा फोन. तेच उत्तर, फक्त तिथं भज्जी जास्त झाली होती.

पल्लवी समोर बसून हसत उंडा खात होती. मला सांगवेना. मी उठलो. "गाडीत चष्मा राहिला."

"नाकावर हाय की!" सुनंदा म्हणाली.

"दुसरा," म्हणालो, पल्लवीजवळची गाडीची किल्ली उचलली आणि निघालो.

पहिला बांध गुंडप्पा अण्णांचा. मी मान खाली घालून जात होतो.

"बर्री सर, ऊट माडरी!" अण्णांनी कोपीतून कानडीत जेवायला हाक मारली. "असं कामून पळायलाव?"

"ऑफिसचं अर्जंट काम निघालंय, अण्णा."

"येळवशीला? कुठलं ऑफिस उघडं हाय, सांगा, मला बी काम हाय तिथं!" त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. ताटात खीर पडली. मी ती पाण्यासारखी प्यालो. सहा मिनिटं गेली. शिल्लक उणे दोन.

दुसरा बांध शकुमावशींचा. ऑफिस चाललं नव्हतं, म्हणून मी कारण बदललं. "मावशी, पोट बिघडलंय, थांबता येत न्हाई."

मावशींचा चेहरा खुलला. "मग थांबाच! पोटाला आंबिलीसारखं औषध न्हाई!"

एक ग्लास. "अजून एक. एकानं गुण येत न्हाई." दुसरा ग्लास. पाच मिनिटं. उणे सात. आता पोट खरोखरच बिघडायच्या बेतात होतं.

धापा टाकत पुढं चाललो, आणि मध्येच पाय थांबले. टोपी! पंपाची टोपी कपाटात होती! पंपाचं तोंड एक इंच. दशांशची जाडी पाऊण इंच. पाणी कमी होईल तसे मासे पंपाकडे ओढले जाणार, आणि एक वजा पाऊण, बाकी पाव इंच. म्हणजे आरामात जाणार! पल्लवीला काय सांगू? वीस टक्के फायदा झाला म्हणून?

तिसऱ्या बांधावर व्यंकट उभा होता. माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. त्याला मी खरं सांगायचं ठरवलं.

"व्यंकट, घरी हौदाचा पंप चालू राहिलाय. मिनिटाला पंधरा लिटर जायलंय. बाराच्या पुढं नऊ मिनिटांनी संपतंय सगळं!"

व्यंकटनं कपाळावर हात मारला. "सर, ह्येच गणित! ह्याच गणिताला तुमी मला छडी मारलती!"

"व्यंकट, आत्ता न्हाई..."

"मी तवा बी म्हणलतो, सर, पंप चालू कामून ठेवायचा? बंद करायचा की! तुमी म्हणला, गणितात तसं चालत न्हाई." त्यानं कोपीकडं वळून आवाज दिला, "अगं, सरांला ताट आण! आधी घास, मग गणित!"

आठ मिनिटं. उंडे तीन, भज्जी दोनदा, आंबील मोजायची शुद्ध राहिली नव्हती. (आयुष्यात पहिल्यांदा.) उणे पंधरा.

गाडी मी कशी चालवली ते सांगत नाही. बारा चोवीसला दारात पोचलो. हिशोबानं तळ्यात दोन पूर्णांक चार दशांश इंच पाणी. त्यातला 'दशांश' हा शब्द मनात येताच डोळ्यांत पाणी आलं. कुलपाला किल्ली तीनदा चुकली. मागच्या दारातून बाहेर आलो.

शांतता. पंपाचा आवाज नव्हता.

संपलं, म्हटलं. पाणी संपलं, पंप कोरडा पडला, जळाला. मी डोळे मिटून चार पावलं पुढं गेलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला!

पाणी होतं. सगळं होतं. मी पट्टी आणून मोजलं. फक्त एक इंच कमी.

पंप वर ओढला. त्याच्या बिनटोपीच्या तोंडावर एक लालभडक बदामाचं पान असं चिकटलं होतं, की बरणीचं झाकणही इतकं घट्ट बसत नाही. एक इंच म्हणजे एकशे बेचाळीस लिटर, भागिले पंधरा, साडेनऊ मिनिटं. पाणी ओढता न आल्यानं पंप आपोआप बंद पडला तो नऊ वाजून साडेनऊ मिनिटांनी. आमची गाडी गेटमधून बाहेर पडायच्या साडेपाच मिनिटं आधी! दिवसभराचं माझं सगळं गणित बिनचूक होतं. फक्त गणितातल्या हौदावर बदामाचं झाड नसतं.

तेवढ्यात बालाजीची जीप दारात येऊन थांबली. सुनंदा आत धावत आली, तिच्यामागं पल्लवी.

"अहो! काय झालंय तुमाला? गुंडप्पा अण्णांचा फोन आला, सरांला ऑफिसात बोलवलंय. मावशींचा आला, सरांचं पोट गेलंय. व्यंकट म्हणला, सर हौदाचं कायतरी बडबडायलेत. मला वाटलं, पोट बिघडून तुमी ऑफिसच्या हौदात पडलाव!"

एका पायाला चिखल, हातात पंप, पंपावर पान. सांगायची गरजच नव्हती.

पल्लवी तळ्याकाठी बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मोजू लागली. "सात... आठ... नऊ... दहा."

थांबली.

"पुन्हा मोज," मी म्हणालो.

"दहाच, अप्पा."

मी पंपाच्या तोंडातून ते पान ओढून काढलं, नळीत डोळा लावून पाहिलं. अंधार. मला एक इंच आणि पाऊण इंच एवढंच दिसत होतं. सुनंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बालाजी "दाजी, असू द्या," म्हणाला, आणि ते ऐकून तर मी खालीच बसलो.

पाण्यावर दुसरं एक पान तरंगत होतं. सकाळचं, न मोजलेलं. पल्लवीनं ते दोन बोटांनी उचललं. खाली, त्या पानाच्या सावलीत, दशांश बसला होता. त्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि शेपटी हलवून दुसऱ्या पानाखाली गेला.

"अकरा," पल्लवी म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. "अप्पा, तुमी कसे हाव?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जाळी टाकली. पंप टोपीसकट कपाटात गेला.

"मग आता शेवटचं सांगतेस का," मी सुनंदाला विचारलं, "त्या तळ्यातून नेमकं काय काढायची गरज होती?"

"तळ्याकाठनं एकच गोष्ट काढायची होती," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "तिला यंत्र लागत न्हाई. हाताला धरून घरात आणलं की झालं."

ती गोष्ट मी त्याच संध्याकाळी वजनकाट्यावर उभी करून पाहिली. येळवशीच्या आधी अठ्ठ्याहत्तर किलो होती, आता ऐंशी भरली. त्यातली दोन किलो आंबील धरावी की नाही, हे अजून ठरलेलं नाही.