दूर गेलेल्याचं पान

आईचा पुण्याला परतायचा दिवस जवळ आला होता आणि जे सांगायला तिला ओसाकाला बोलावून घेतलं, ते अजून सांगून झालं नव्हतं. आम्ही इथे घर घेतलंय, आता परत येणार नाही. बस, एवढंच. नवरा रोज ऑफिसला निघताना भुवया उडवून विचारायचा, सांगितलंस का? मी भडकायचे. तुझ्या आईला सांगायचं असतं म्हणजे कळलं असतं, म्हणायचे.

शेवटी तिला घेऊन वाकायामाच्या किनाऱ्यावरच्या एका गावी गेले. तिथून एके काळी पुष्कळ माणसं पोटासाठी ब्राझीलला गेली. त्यातल्याच एका कोळ्याच्या घराची डागडुजी करून संग्रहालय केलंय. म्हटलं, तिथे विषय आपोआप निघेल. माझी हिंमत ही एवढीच.

ठेंगणं, दोन खोल्यांचं घर. आई चपला काढून आत आली, गुडघे धरत चटईवर टेकली. समोर बुटक्या मेजावर भाताची वाटी, सूप, लोणचं, जेवायच्या काड्या आणि मागे एका तरुण मुलाचा फोटो. आईने ओढणी डोक्यावरून घेतली आणि डोळे मिटून हात जोडले. फोटोपुढे पान वाढलेलं, म्हणजे आपल्याकडे दुसरा अर्थच नाही. मलाही तेच वाटलं.

माहिती सांगणाऱ्या आजीबाई लगबगीने पुढे आल्या. म्हणाल्या, नाही हो, हे पान वाढायचे तेव्हा हा चांगला जिवंत होता. घरातलं कुणी दूरदेशी गेलं, की ते उपाशी राहू नये, सुखरूप असावं, म्हणून घरी त्याचं जेवण वाढून ठेवायची पद्धत होती.

मी आईला सांगितलं. "शिव शिव," म्हणत तिने जोडलेले हात चटकन मागे घेतले. फार ओशाळली बिचारी. मग मला म्हणाली, विचार त्यांना, आला का तो परत?

नाही आला. दर वेळी पुढच्या वर्षी येतो म्हणून कळवायचा. त्याची आई मरेपर्यंत त्याचं पान वाढत राहिली. पुढे त्याची नातवंडं तिकडून आली आणि त्यांनी या घराची डागडुजी केली. हे सगळं मराठीत मलाच सांगायचं होतं. 'पुढच्या वर्षी'पाशी मी अडखळले. दर रविवारी फोनवर मी तिला दुसरं काय सांगत होते?

"आई, आम्ही परत येणार नाही," मी म्हटलं. "इथेच घर घेतलंय."

ती त्या भाताच्या वाटीकडे बघत राहिली. चिडली नाही, रडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माहीत होतं गं मला," ती म्हणाली. "पण तू येऊ म्हणायचीस, ते ऐकायला बरं वाटायचं. आता रविवारी फोनवर काय बोलायचं आपण?"