गळपट्टी धरून मोजायचं

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं भांडत होतो, आणि भांडणाचं कारण होतं एक वाणी. पावसाळ्यात भिंतीवर चढतो, बोट लावलं की पैशासारखा गोल होऊन पडतो, तोच किडा. माझी बायको केसर न्हाणीमागं पाल्याच्या ढिगाजवळ बसली होती. तिनं वाणी चहाच्या रिकाम्या ग्लासात सोडला, ग्लास उंच धरला, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आवो, खालून बघा अन् त्याच्या अंगाची कडी मोजा. बाई हाय का गडी?" मी मोजलं. नेहमीसारखं चुकलं.

"मानंवरची गळपट्टी सोडली तुम्ही परत."

"तिला पायच न्हाईत, तर कशाला मोजायची?"

"तुम्हाला अक्कल न्हाई, तरी शिरगणतीत धरतेतच ना?"

ढग दाटले होते, उजेड पुरेना. तिनं वाणी ओल्या पाल्यावर ठेवला, वर फुटकं मडकं पालथं घातलं. "सकाळच्या उन्हात बघू," म्हणाली. ग्लास विसळून न्हाणीच्या दगडावर ठेवला, भिंग पदराच्या गाठीत बांधलं. सकाळी मी तिला हाक मारली... ती गेल्ती.

आता लोक भेटायला येतात आणि म्हणतात, बिचारीचा जीव किड्यात गुंतला होता. बिचारी कोण? ती कधीच नव्हती. हे सांगायलाच लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन आमच्या सुनंदानं बघितलंय, बोलणं मात्र माझंच ठेव असं तिला बजावलंय. सुनंदा आमची मुलगी, जालन्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एका साली वाणींनी आमचं कोवळं सोयाबीन कुरतडलं आणि मी औषध आणायला टेंभुर्णीला निघालो, तर केसर आडवी आली. "खातंय कोण ते तर बघा आधी." मी म्हणालो, वाणी म्हंजे वाणी. "मंग माणूस म्हंजे माणूस. तुम्हाला अन् माझ्या भावाला एकाच खुंट्याला बांधू का?" औषध मी आणलंच, पण तिनं पालापाचोळ्यातले वाणी वेगळे काढून सुनंदापुढं ठेवले. सुनंदानं भिंग दिलं, बघायचं कसं ते शिकवलं. तिथून जे सुरू झालं, ते थांबलं नाही.

गोमीला एका कड्याला पायांची एक जोडी, वाणीला बहुतेक कड्यांना दोन. मग बघायचं, चपटा का गोल. चपट्याच्या पाठीला दोन्ही अंगांनी पत्र्याच्या वळचणीसारखी कड निघालेली असते, आणि डिवचला की कडू बदामाचा वास सुटतो. गोलाचं शेपूट बघायचं, टोकदार का बोथट. नुसत्या रंगावर जायचं नाही, रंग फसवतो. हाताळून तिची बोटं तपकिरी व्हायची, धुऊनही डाग जायचा नाही, तसल्याच बोटांनी ती हळदीकुंकवाला जायची. बाया तोंडावर पदर धरून हसायच्या, वाणीवाली आली म्हणायच्या. ही म्हणायची, "हसा, पर तुमच्या न्हाणीत कोनता हाय ते मला बघू द्या." दिवसभर जपाची माळ ओढत बसली असती, तर तिला कोणी हसलं असतं का? मला कोणी सांगावं.

आमच्या अंगणात तांबूस पट्ट्याचा, टोकदार शेपटीचा एक वाणी निघायचा. त्याची जात काही ठरेना. सुनंदा म्हणायची, पक्की जात गड्यावरूनच कळते. गड्याच्या सातव्या कड्याला चालायचे पाय नसतात, तिथं आत दडवलेले वेगळे अवयव असतात आणि त्यांची घडण जातीजातीत निराळी असते. एखादा पाय नुसता तुटलेलाही असू शकतो, म्हणून कडी नीट मोजायची, मानेवरची गळपट्टी पहिलं कडं धरून. कितीतरी पावसाळे केसर त्याचा गडी शोधत होती. सापडायच्या त्या सगळ्या बायाच. मडक्याखाली होता तो त्याच पट्ट्याचा.

सकाळी घर माणसांनी भरलं. सुनंदा जालन्याहून निघाली होती. केसरच्या आंघोळीचं पाणी तापवायचं होतं, म्हणून तिचा भाऊ रामराव न्हाणीमागं गेला आणि ढिगाला हात घातला. "दाजी, वरचा पाला वाळलाय, चुलीला घेतो. हे मडकं बी फेकतो."

"हात लावायचा न्हाई."

"माझी बहीण आत पडलीय, अन् तुम्ही किडे राखून राह्यले?"

"तुझी बहीणच राखत होती. लाकडं गोठ्यात हायेत, तिकडून आण."

कोणीतरी म्हातारं म्हणालं, ही येळ हाय का? मी म्हणालो, हीच येळ हाय, ऊन पडलंय. तसाच आत गेलो. बाया सरकल्या. सगळ्यांच्या देखत तिच्या पदराची गाठ सोडली, भिंग काढून घेतलं. गाठ घट्ट होती... तिची गाठ नेहमी घट्टच असायची.

मडकं उचललं. वाणी गोल होऊन पडला होता. दगडावरचा ग्लास घेतला, त्याला आत सोडला आणि उलगडेपर्यंत थांबलो. मग ग्लास उन्हात धरून खालून बघितलं. गळपट्टी धरून मोजलं. सातव्या कड्याखाली जागा रिकामी. परत मोजलं. रिकामीच.

मी घराकडं तोंड करून ओरडलो, "केसर, गडी हाय!"

आतलं रडणं एकदम थांबलं. रामराव लाकडं घेऊन तसाच उभा राहिला. मी ग्लासात ओला पाला टाकला, तोंडाला फडकं बांधलं आणि सुनंदाची वाट बघत ढिगाला पाठ लावून बसलो.