दत्ताचा पाय

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, जळके चार्जर आणि किस्से. चार्जर भंगारात जातात. किस्से मात्र लोक चहा मागवून परत परत ऐकतात. आमच्या ईट गावात सध्या सगळ्यात जास्त मागणी दत्ताच्या मशीनला आहे!

दत्ता माझा लंगोटीयार, फर्निचरचं काम करतो. लहानपणी भूमला बाजाराला गेलो की आम्ही व्हिडिओ गेमच्या दुकानात उभं राहून खेळायचो. तसलंच मशीन घरी करायचं त्याच्या डोक्यात बसलं. प्लायवूडचं खोकं त्याचं, वायरिंग माझं. आत पत्त्याच्या कॅटाएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर, जुने गेम सगळे त्यावर चालतात. त्याचं पहिलं नाव कुठल्याशा इंग्रजी फळाचं, ते आमच्या तोंडात बसेना. म्हणून नुसतं आडनाव धरलं, 'पाय'! त्याचे नंबर असतात, पहिला, दुसरा असे. आमचा तिसरा.

दत्ताचे वडील नाना मात्र पेटलेले. पोरगं तिशीला टेकलं तरी सोयरीक जमेना. "पाव्हणे इचारत्यात पोरगं काय करतंय. काय सांगू? गेम खेळतंय? आता तामलवाडीची सोयरीक मोडली ना, हे खोकं बंबात घालीन!" आणि तामलवाडीच्या पल्लवीचा फोटो बघून तर दत्ता पार येडा झालेला. ती तुळजापूरला कॉम्प्युटरचे क्लास घेते. ही सोयरीक मोडायला नको म्हणून पठ्ठ्या रोज दाढी करायला लागला.

*

उन्हाळ्यात दत्ताचा घरून फोन. "गड्या, पाय लई तापलाय. हात लावू देईना. पंखा लावू का?"

पलीकडून त्याच्या आईचा आवाज आला, "आरं देवा, कंचा पाय? दाखीव!"

फोन तिथंच कट. माउलीनं त्याला खाली बसवून, तूप लावून, काशाच्या वाटीनं दोन्ही तळपाय काळे होईस्तोवर घासले. संध्याकाळी दुकानात आला तेव्हा मी विचारलं, "उतरला का ताप?"

"माझा उतरला. पायाचा तसाच हाय!"

*

एकदा घरात कुणी नाही बघून नाना स्वतःच रेसच्या गेमला बसले. ट्रॅक्टरवर घट्ट झालेला हात! मी खिडकीतून बघतोय. मागून गाडी आली की नाना आपली गाडी कडेला घेणार आणि साईड देणार. वर पुटपुटणार, "जा बाबा, तुला घाई हाय." वळण आलं की हॉर्नचं बटण शोधायचं. आले सगळ्यात शेवटी.

मी आत जाऊन म्हणालो, "नाना, हरलात की!"

"हरलो कसा? गाडीला एक वरखडा दाखीव!"

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, ट्रॅक्टर, दत्ताचा रंधा, सगळं मांडलेलं. दत्ताच्या आईच्या मनात आलं, लेकराचं हेही हत्यारच की! बटणांना हळदकुंकू, जॉयस्टिकला झेंडूचा हार. "लेकराची सोयरीक जमू दे गं आई," म्हणत तिनं मशीनच्या माथ्यावरच नारळ फोडला!

पाणी थेट आत. पडदा काळा. नाना म्हणाले, "देव पावला!"

दत्ता कसला ऐकतोय! त्याच आठवड्यात तेरखेड्याच्या एसटीतून मला फोनवर ओरडत होता, "पाय गेला गड्या! पार जळाला! आता काढून नवाच बसवू. जुना ठिऊन काय करू? फेकून दिऊ!"

मागच्या सीटवर पल्लवीचे मामा बसलेले. दिवाळीचे फटाके आणायला निघाले होते. त्यांनी दत्ताचा फोटो बघितलेला, दत्तानं त्यांना कधीच बघितलं नव्हतं. बिचारे तसेच तेरखेड्याला उतरून गेले.

*

रविवारी तामलवाडीचे पाव्हणे पल्लवीला घेऊन घर बघायला आले. नवा पाय आदल्या दिवशीच बसवलेला, मशीन कोपऱ्यात चादरीखाली. मी पोहे वाटत होतो. मामांची नजर काही केल्या दत्ताच्या पँटीवरनं हलेना.

शेवटी मामा खाकरले. "पाव्हणं, जरा दारापत्तूर चालून दाखवता का?"

पोरीला चालून दाखवायला लावलेलं आम्ही ऐकलंय, पोराला कुणी लावलंय? पण सोयरीक मोडायला नको म्हणून दत्ता निमूट उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला.

मामा एकदम खूश. "कळतसुदीक न्हाय! नवा बसवला न्हवं?"

दत्ताला वाटलं, मामांना मशीनचं कळलंय. गडी खुलला. "व्हय मामा, कालच! जुन्यापेक्षा लई फास्ट हाय."

"काय तरास?"

"जरा तापतोय. पंखा लावलाय."

मामा वाकून पँटीत पंखा शोधायला लागले. नानांनी तर डोळेच मिटले. तेवढ्यात, इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या पल्लवीनं हळूच विचारलं, "चौथा का पाचवा?"

"पाचवा!" दत्ता म्हणाला.

मामांच्या हातातली बशी तशीच राहिली. "पाच?"

नाना ताडकन उठले. "आवो दोनच हायत, देवाशपथ!"

पल्लवी ओढणीआड हसली आणि म्हणाली, "मामा, मला चालतंय."