लालभडक टोपी आणि भाचीचा साखरपुडा

आधीच सांगून ठेवतो, हसायचं नाही हं! भाचीचा साखरपुडा मोडता मोडता वाचला, आणि मोडायला निघालेला शहाणा कोण? अस्मादिक!

आमची राधिका देवासची, मुलगा धारचा. नाव समीर, फौजेत पॅराशूटवाला. फोटोत डोक्यावर तिरकी मरून रंगाची बेरेट टोपी, काय रुबाब! आता आमच्या इकडच्या मराठी घरांत अशा कार्यात पुरुषमंडळींना एका रंगाचे फेटे बांधायची रीत. मी म्हटलं, जावई फौजी, मग फेटे कशाला? सगळ्यांना बेरेट!

फोटो घेऊन शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, "भिया, मरून कपडा पड़ा है, बना दूँ?"

"छे छे! शुभकार्यात असला विटका रंग? कुंकवासारखा लालभडक घे!"

बायको म्हणाली, "अहो, जावयांना एकदा विचारा तरी."

"फौजेतलं मला शिकवू नकोस!" मी गरजलो. फौज मी पाहिली ती फक्त छब्बीस जानेवारीला, टीव्हीवर. पण ऐकतो कोण?

साखरपुड्याला मुलाकडची मंडळी आत जाऊन बसली, मग टोप्या चढवून कार्यालयाच्या दारात आम्ही अकरा जण बाकीच्यांच्या स्वागताला उभे. अकरा लाल टोप्या! आणि वर माझ्या अंगात खाकी सफारी. तेवढ्यात एक पोरगा मोटरसायकलवरून आला, आम्हाला बघून पांढराफटक पडला, गाडी वळवली आणि जो सुटला म्हणता!

पाच मिनिटांत आत हलकल्लोळ. समीरने अंगठी सांभाळायला दिली होती विकीकडे, त्याच्या फौजेतल्या मित्राकडे. तोच हा पळालेला! समीरने फोन लावला, तर विकी ओरडला, "अबे, गेट पे मिलिटरी पुलिस खड़ी है! मेरी छुट्टी कल ही खतम हो गई!" आणि फोन बंद.

समीर बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मामा, हे काय घातलंय? मरून आमचा, पॅरावाल्यांचा. विमानातून उड्या मारतो तब मिलता है! काळा टँकवाल्यांचा. आणि हा लाल मिलिटरी पोलिसांचा! सुट्टी संपली तरी फिरणाऱ्यांना हेच धरतात!"

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आत गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते. विहीणबाई म्हणत होत्या, "अंगठीच पळाली, हा अपशकुन. चला धारला परत." राधिकाच्या डोळ्यांत पाणी. मी स्कूटर काढली, विकीच्या मागे!

आणि डोक्यावरची टोपी? ती काढायची राहिलीच हो!

हाटपिपल्याच्या रस्त्यावर तो दिसला. मी हाका मारतोय, तो गाडी आणखी दामटतोय. शेवटी म्हशींचा कळप आडवा आला, तेव्हा थांबला. उतरून टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि सुट्टीचा कागद पुढे केला.

"सर, गलती हो गई सर!"

खरं सांगू? एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर ऑफिसातला शिपाईसुद्धा असा उभा राहिला नाही. मी मुलीचा मामा आहे, एवढंच बोलायचं होतं. पण छाती अशी काही फुगली की काय सांगू! कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि दरडावलं, "कल तक की छुट्टी, और आज घूम रहे हो? सीधे यूनिट जाओ!"

"जी सर!" म्हणाला आणि गेला की हो तडक! आता अंगठीचं काय? ती त्याच्या खिशात!

हात हलवत परतलो. विहीणबाई पर्स उचलून उभ्याच होत्या. मुहूर्ताला दोन मिनिटं. शेवटी माझ्याच बोटातली पाचूची अंगठी ओढून काढली आणि समीरने तीच राधिकाच्या बोटात सरकवली. मोठी झाली म्हणून आतून दोरा गुंडाळला. साखरपुडा पार पडला बुवा!

पुढे विकीने खरी अंगठी आणून दिली. पण माझी पाचूची काही परत मिळाली नाही. ज्योतिषीबुवांनी ती मला बुद्धी वाढावी म्हणून घालायला लावली होती. परवा राधिकाकडे मागितली, तर म्हणते, "राहू द्या ना मामा, तुम्हाला तसाही तिचा काही उपयोग झालेला दिसत नाही!"