खिळ्यापुरती सवलत

शिंप्यांच्या कात्र्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात आत्याचं टेबल सगळ्यात शेवटी. दोन पाती जोडायची, मधला खिळा ठोकायचा, मग कात्री कानाशी नेऊन दोनदा उघडमीट करायची. आवाज पटला तर कारखान्याचा ठसा, नाही पटला तर माल परत धारेवर. तीस वर्षं हेच. सगळा कारखाना तिला आत्याच म्हणतो, शेठसुद्धा. मी मात्र तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, शेजारी बसून खोकी भरते. माझं खोटं त्या कानातून कधी सुटलेलं नाही.

मधे बाहेरच्या देशातून स्वस्त कात्र्या आल्या आणि आमचं काम निम्म्यावर आलं. आत्याने सह्या गोळा केल्या, सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी बाहेरच्या कात्रीवर भलामोठा कर बसला. म्हटलं, सुटलो एकदाचे!

कसले सुटतोय! दोन महिन्यांत शेठनी बाहेरून खोकी मागवली. आत नुसती पाती, धार लावलेली, चकचकीत. कर अख्ख्या कात्रीवर होता, सुट्या पात्यांवर जवळपास नव्हताच. झालं! पाती घडवणारे आणि धार लावणारे सहाजण घरी बसले. त्यात माझा नवरा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण तोंड उघडलं नाही. घरात आता माझाच काय तो पगार.

मग शेठ आत्याच्या टेबलाशी आले. "इथे बनवलेल्या मालाला सरकार सवलत देतंय. परवा साहेब येणार तपासायला. तुम्ही खिळा ठोका, ठसा मारा आणि सगळं इथलंच म्हणून सांगा. तुमच्या नोकरीला धक्का नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सातवं नाव तुमचं."

"वा रे वा! करासाठी चपला मी झिजवायच्या, सहा माणसं घरी बसायची आणि सवलत तुम्ही खायची? लाज कशी वाटत नाही हो?"

मी तिची बाही ओढली. "आत्या, गप्प बस ना. तुझी तरी नोकरी राहू दे."

"तू खोकी भर," ती म्हणाली.

साहेब आले. शेठ नुसते पुढेपुढे करत होते. साहेबांनी टेबलावरची कात्री उचलली. "यात इथलं काय काय आहे?"

"सगळंच, साहेब! विचारा ना आत्यांना."

आत्याने कात्री घेतली, कानाशी नेऊन दोनदा उघडमीट केली आणि परत साहेबांच्या हातात ठेवली. "खिळा इथला आहे, साहेब. खिळ्यापुरती सवलत द्या."

शेठ लालबुंद झाले. "म्हातारीचं डोकं फिरलंय! ऐकू नका तिचं."

साहेब माझ्याकडे वळले. "खोकी तुम्ही भरता ना? तुम्ही सांगा."

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरी कात्री घेऊन ती कामाला लागली होती. घर डोळ्यांपुढे आलं, नवराही आला. मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"पात्यांची रिकामी खोकी मागच्या खोलीत आहेत. कुठून आली ते वरच छापलंय. चला, दाखवते."

मी पुढे झाले, साहेब मागे. दाराशी पोचतो न पोचतो तोच आत्याचा आवाज आला.

"सातवं माझं, आठवं हिचं. लिहून घ्या, शेठ."